विहिरीतली फटफटी

बनुबाईनं फटफटी विहिरीत ढकलली तेव्हा वस्तीवर दुसरं जागं माणूस नव्हतं. एकोणसत्तर सालचा भाद्रपद होता, भर दुपार होती आणि विहीर काठोकाठ भरलेली होती. तिचा नवरा लालासाहेब कडेगावला गेला होता. धाकटा दीर कृष्णात सोप्यात झोपला होता. त्याच्या डोक्याला अजून पट्टी होती.

त्या पट्टीपायीच तिनं हे केलं.

बनुबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि कृष्णात चार वर्षांचा. त्याच वर्षी सासू वारली, आणि पोर वहिनीच्या पदराला धरून वाढलं. तिच्या स्वतःच्या दोन लेकी मागाहून झाल्या. पण पहिल्यांदा न्हाऊ घातलं, घास भरवला, गोवर निघाला तेव्हा मांडीवर घेऊन बसली ती याला. तो वीस वर्षांचा झाला आणि लालासाहेबानं सांगलीहून फटफटी आणली. पैसे थोरल्याचे, पण चालवायचा धाकटाच. लालासाहेबाला ती येतच नव्हती. कृष्णात अशी पळवायचा की वैरणीचा भारा घेऊन चाललेल्या बाया भारा टाकून रस्त्याच्या कडेला व्हायच्या. दोनदा पडला आणि हसत घरी आला. तिसऱ्यांदा विट्याच्या रस्त्यावर बैलगाडीवर आदळला. सांगलीच्या दवाखान्यात चार दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत. बनुबाई खाटेशेजारी फरशीवर बसून होती. पाचव्या दिवशी डोळे उघडून त्यानं पहिलं काय विचारलं, तर "वैनी, गाडी लय मोडली का गं?"

घरी आल्यावर आठवडा झाला नाही तोवर त्यानं गाडी नीट करून आणली. अंगणात लावली, पट्टी बांधलेल्या डोक्यानंच भाकरी खाल्ली आणि "सकाळी औंधला जाऊन येतो" असं म्हणून आडवा झाला.

बनुबाई भांडी घासायची सोडून उठली. त्याला करताना तिनं पाहिलं होतं, तसं दोन्ही हातांनी रेटून तिनं गाडी स्टँडवरून उतरवली. अंगणापासून विहिरीपर्यंत उतार होता आणि त्या अंगाला कठडा नव्हता. थोडी ढकलली, मग गाडी आपल्या आपणच निघाली. म्हैस डोहात बसावी तसा आवाज झाला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. मग पाणी निवळलं. बनुबाईनं खराटा घेतला आणि अंगणापासून काठापर्यंतची वाट झाडून काढली.

तिला एवढंच वाटलं होतं की गाडी गेली, आता पोर वाचलं. पुढचं तिनं काही धरलंच नव्हतं.

गाडी चोरीला गेली असंच सगळ्यांनी धरलं. कृष्णात म्हणाला, "मी अंगणात लावली व्हती. घरचं अंगण, कुलूप कशाला लावू?" लालासाहेबाला ते पटलं नाही. गाडी कुठंतरी टाकून आला असशील, कुणाला तरी दिली असशील आणि आता चोरीचं नाव सांगतोस, असं तो म्हणाला. चार लोक अंगणात उभे होते. त्यांच्यासमोर लालासाहेबानं भावाच्या मुस्काटात मारली.

"लबाड हायस तू," तो म्हणाला.

बनुबाई मधे पडली, दोघांच्या मधे उभी राहिली, "आवं, ती पट्टी तरी बगा" म्हणून ओरडली. पण जे सांगायचं ते तिच्या तोंडून निघालं नाही. दहाव्या दिवशी कृष्णात कोल्हापूरला भरतीला गेला, तो परत आलाच नाही. बेळगावहून पत्र आलं, तेही फक्त वहिनीच्या नावानं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली तेव्हा त्याची पलटण पूर्वेच्या बाजूला होती. सव्वा महिना पत्र नव्हतं. गावात ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या ओट्यावर बनुबाई रोज संध्याकाळी जाऊन बसायची. बातम्यांतलं तिला फारसं कळत नव्हतं, पण उठून घरी येववत नव्हतं. रस्त्यावर मरेल म्हणून मी गाडी बुडवली, आणि तोफेच्या तोंडी नेऊन उभं केलं, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत राहायचं. मग कार्ड आलं. "खुशाल आहे. वहिनीने काळजी करू नये." ते कार्ड ती लेकीकडून पुनःपुन्हा वाचून घ्यायची.

बहात्तर साल कोरडं गेलं. ऊस उभा वाळला. त्र्याहत्तरच्या चैत्रात विहिरीनं तळ गाठला, तेव्हा लालासाहेबानं गाळ काढायला माणसं लावली. तिसऱ्या दिवशी घरगडी गुंडाचं खोरं लोखंडावर वाजलं. चिखलातून दोन शिंगांसारखं हँडल वर आलं होतं.

दोर लावून गाडी वर काढली. तिच्या अंगावरचा गाळ वाळून पापुद्रे सुटायला लागले होते. लालासाहेब बराच वेळ तिच्याकडं बघत उभा राहिला.

"म्हंजे चोरी झालीच न्हवती," तो म्हणाला. "ह्यानंच घातली हिरीत. फिरवाय गेला आसंल, डोकं ठिकाणावर नसंल, गेली हातातनं. आन माझ्याम्होरं छाती काढून खोटं बोलला."

"आवं..." बनुबाई म्हणाली.

"तू त्येची बाजू घेऊ नगंस. पुढच्या म्हैन्यात येतोय न्हवं रजेवर? येऊ दे. ह्या गाडीम्होरं उभा करून इचारतो."

कृष्णात खरंच येणार होता, साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. दुष्काळाचं ऐकून त्यानं लिहिलं होतं की महिन्याची रजा मिळाली आहे, विहिरीच्या कामाला हातभार लावतो. ते पत्र आल्यापासून बनुबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आणि आता हे.

"भंगारात घालू नगा," ती एवढंच बोलली. "मी इट्याला मिस्त्रीकडं नेती."

"साडेतीन वर्सं पान्यात हाय ती. काय व्हनार तिचं?"

"बगू तरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे गुंडानं बैलगाडी जोडली. फटफटी आडवी घालून, वर पोतं टाकून दोघं विट्याला निघाली.

आकाराम मिस्त्रीचं दुकान स्टँडच्या मागं एका लिंबाखाली होतं. चार खांबांवर पत्रा, एक लाकडी फळी, बाकी सगळं जमिनीवर. मिस्त्री पन्नाशीचा, अंगानं काटक, लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधे वीस वर्षं काढून आलेला. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सायलेन्सर सोडवून जमिनीवर आपटला तसा त्यातून ओंजळभर गाळ पडला, आणि गाळातून बारके बारके शंख.

"ह्यात तर आख्खी हिर हाय, वैनी," तो म्हणाला.

"चालंल का?"

"आत्ताच इचारू नगा. पिस्टन आत चिकटलाय. लोक काय करत्यात, हातोडा घालत्यात. मग फुटतंय. मी आज वरनं डिझेल आन तेल सोडून ठेवतो. मुरू दे आठ दिस. फुडल्या बाजारला या."

"किर्ष्णा यायच्या आत व्हायाला पायजे. माजा दीर. मिल्ट्रीत हाय."

"कवा येनार?"

"म्हैन्यानं."

"म्हैना म्हंजे लय झाला," आकाराम म्हणाला. पण गाडीकडं बघून परत म्हणाला, "आन कमी बी हाय."

पुढच्या बाजाराला ती गेली तेव्हा पिस्टन सुटला होता. इंजिन उघडून भाग पोत्यावर मांडले होते. टाकीत खडी आणि रॉकेल घालून मिस्त्री ती पाळण्यासारखी हलवत होता. आतून गंजाचं लाल पाणी निघत होतं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं कॉइल त्यानं सांगलीला भरायला पाठवलं होतं. तिला बघून त्यानं टाकी खाली ठेवली.

"वैनी, एक सांगतो. मागल्या टायमाला गुंडा बोलत व्हता, तुमच्या मालकांना वाटतंय की दिरानं गाडी हिरीत घातली."

"व्हय."

"घातली न्हाई त्यानं. गेर न्यूट्रलमधी हाय. पेट्रोलचा कॉक बंद हाय. चालवत येनारा मानूस कॉक बंद करून हिरीत पडत न्हाई. ही उभी गाडी कुनीतरी ढकललीय. तुमच्या मालकांना घिऊन या, मी सोता दावतो त्यास्नी. पोरावरचा आळ जाईल."

बनुबाई फळीवर बसली. तिच्या लक्षात आलं की आता तिनं काही न बोलताही चालणार होतं. मिस्त्री सांगेल, लालासाहेब ऐकेल, कुणा वैऱ्यानं ढकलली असं ठरेल, कृष्णात सुटेल. साडेतीन वर्षं तिला जी वाट सापडत नव्हती ती या माणसानं बसल्या जागी काढून दिली होती. तिनं खालच्या भागांकडं पाहिलं. एकेक भाग पुसून, ओळीनं मांडलेला.

"मीच ढकलली," ती म्हणाली.

मग तिनं सगळंच सांगितलं. पट्टीचं, खराट्याचं, थोबाडीत मारली त्याचं, रेडिओचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती, आणि तेही एका परक्या माणसाला, भर बाजारच्या दिवशी. सांगून झाल्यावर मिस्त्रीनं रॉकेलचा डबा आणि जुना ब्रश तिच्यापुढं सरकवला.

"ह्ये तेवडे भाग धुवून काडा. मला येकट्याला उरकायचं न्हाई."

ती धूत बसली. बऱ्याच वेळानं तो टाकी हलवता हलवता म्हणाला, "माज्या आईनं माजी भरतीची कागदं चुलीत घातली व्हती. मी नवी काडली आन गेलो. वर्सभर तिला पत्र लिवलं न्हाई."

"मंग?"

"मंग काय. ती वारली तवा मी लडाखला व्हतो. माजा राग कवाच गेला व्हता, पर तिला ठावं न्हवतं. ऱ्हायलं ते." त्यानं टाकी उलटी करून पाणी ओतलं. "तुमच्या दोघांचं तसं करू नगा. तुमी आदी मालकांना सांगा."

तिनं लगेच सांगितलं नाही. आणखी दोन बाजार गेले. दर बाजाराला ती सकाळी येऊन बसायची, आणि मिस्त्री देईल ते धुवायची, घासायची. स्पोक एकेक करून वाळू लावून घासले. कुठला भाग कशाला लागतो ते तिला कळायला लागलं. रतिबाचं दूध घालून तिनं साठवलेल्या पैशांतून टायर आले, बेअरिंगं आली. गाडीला रूप यायला लागलं. आणि कृष्णातच्या येण्याला दोन दिवस उरले.

त्या सकाळी लालासाहेब विहिरीच्या काठावर उभा राहून खालच्या माणसांना काहीतरी सांगत होता. बनुबाई त्याच्याजवळ गेली.

"आवं, गाडी किर्ष्णानं पाडली न्हाई. मी ढकलली. ह्या हितनं."

लालासाहेबानं तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं आता हात उठेल. तिनं पदर आवळून धरला. पण तो खाली काठावर बसला, पाय विहिरीत सोडून, लहान मुलासारखा. खाली गुंडा टोपली भरून वर बघत होता, आणि कुणीच दोर ओढत नव्हतं.

"त्याला दोन दिस घरात ठिवायचं सोडून तू गाडीच बुडवलीस," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"आन मी त्याला चार लोकांत मारला. लबाड म्हनलो." त्यानं खाली तळाकडं पाहिलं. "तू तवाच सांगितलं आसतंस तर तुला मारलं आसतं मी. व्हय का न्हाई?"

"व्हय," बनुबाई म्हणाली.

"म्हंजे तुजं येकटीचं न्हाई ह्ये," असं म्हणून तो उठला आणि स्वतः दोर ओढायला लागला.

कृष्णात दुपारच्या एसटीनं विट्याला उतरला. बनुबाई स्टँडवर एकटीच गेली होती. लालासाहेबाला तिनं घरीच थांबायला सांगितलं होतं. आधी तिनं त्याला ओळखलंच नाही. मिशा आल्या होत्या, खांदे भरले होते, चालणं बदललं होतं. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

"दादा न्हाई आला?"

"घरी हाय. चल, आदी येका ठिकानी जायाचं हाय."

आकारामच्या पत्र्याखाली गाडी उभी होती. रंग नव्हता लावलेला, टाकीवर गंजाचे डाग तसेच होते, पण गाडी तीच होती. कृष्णात पत्र्याच्या कडेलाच थबकला. मग पुढं होऊन त्यानं टाकीवर हात ठेवला.

"कुटं घावली?"

"आपल्या हिरीत. मीच घातली व्हती," बनुबाई म्हणाली. तिनं ठरवलं होतं की एका दमात सांगायचं, आणि तिनं तसंच सांगितलं. "तू मरशील म्हनून घातली. मंग तुला दादानं मारलं तवा माजी जीभ उचलली न्हाई. नंतर बी उचलली न्हाई."

कृष्णातनं टाकीवरचा हात काढला. "दादाला ठावं हाय?"

"परवा सांगितलं."

"साडेतीन वर्सं, वैनी," तो म्हणाला. आणि वळून निघून गेला.

बनुबाई त्याच्या मागं निघाली तसा आकाराम म्हणाला, "बसा. लांब न्हाई जायाचा. ट्रंक हितंच हाय."

तास गेला. ऊन लिंबावरून सरकून पत्र्यावर आलं. मिस्त्री उगीच एक नट सोडून परत बसवत होता. कृष्णात आला तेव्हा त्याचं तोंड आणि केस ओले होते. कुठल्या तरी नळाखाली डोकं धरून आला असावा. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तिकडं पोरं घरची आठवन काडायची," तो म्हणाला. "मी गप बसायचो. मला वाटायचं, ज्या घरानं मला लबाड ठरवलं त्या घराची कसली आठवन काडायची. येक तुजी तेवडी काडायचो. येकटी वैनीच माज्यासाठी मधी पडली म्हनायचो. आन तूच..."

बनुबाई रडली नाही. रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

"मला लय राग आलाय, वैनी."

"येऊ दे. आलाय तेवडा काड माज्यावर."

"येका दिसात निघायचा न्हाई."

"मंग ऱ्हायलेला उद्या काड. म्हैनाभर रजा हाय तुजी."

कृष्णातनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलले. तिला वाटलं रडतोय, पण त्यानं मान वर केली तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं, आणि ते त्याला नको होतं हेही दिसत होतं.

"येवडी जड गाडी," तो म्हणाला. "येकटीनं कशी ढकललीस?"

"उतार हाय की."

आकारामनं संधी साधली. "ओ फौजी, बोलनं नंतर. हिला अजून मी किक मारल्याली न्हाई. तुमच्यासाठी ठिवलीय. या."

कृष्णातनं शर्ट काढून फळीवर ठेवला. पहिल्या पाच-सहा किकांना काहीच झालं नाही. मिस्त्रीनं प्लग काढून पुसला, फुंकला, परत लावला. कृष्णातनं चोक ओढला. पुन्हा किक. एकदा भप् झालं आणि विझलं. शेजारच्या हॉटेलातली दोन माणसं येऊन उभी राहिली. बनुबाई खांबाला टेकून मिस्त्रीच्या तोंडाकडं बघत होती. मग एकदम सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटला, धुराबरोबर राहिलेला एक शंख उडून बाहेर पडला, आणि गाडी खोकत खोकत चालू झाली. कृष्णातनं मूठ पिळून तिला मरू दिलं नाही. हळूहळू आवाज एकसारखा झाला.

"बंद करू नगा!" आकाराम ओरडला. "तशीच ऱ्हाऊ द्या पाच मिन्टं!" आणि त्यानं डोळे पुसले ते धुरामुळं की कशामुळं, ते त्यालाच ठाऊक.

ट्रंक गुंडाच्या बैलगाडीतून यायची होती. कृष्णात गाडीवर बसला, मागं बघून म्हणाला, "बस."

"मी? गुंडाबरूबर येती मी."

"बस म्हनतो न्हवं."

ती जन्मात पहिल्यांदा फटफटीवर बसली. एका हातानं त्याचा खांदा धरला, दुसऱ्या हातानं पदर. कृष्णातनं गाडी सायकलपेक्षा थोडी जोरात, एवढीच चालवली. वाटेत वाळलेली शिवारं, छावणीतली गुरं, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं मागं पडत गेली. खड्डा आला की तो तेवढंच सांगायचा, "धर नीट."

अंगणात लालासाहेब उभा होता. आवाज लांबूनच ऐकून तो विहिरीवरून वर आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टोपली. गाडी थांबली. दोघं भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले.

"मी तवा हात उचलाय नगो व्हता," लालासाहेब म्हणाला. "आन लबाड म्हनाय नगो व्हतं. तू खरं बोलत व्हतास."

कृष्णातनं मान हलवली. मग त्यानं थोरल्याच्या हातातली टोपली घेतली.

"पानी लागलं का?"

"अजून न्हाई. निम्मा परस, कमरंएवढं, आनी खाली जावं लागंल. खडक लागलाय."

"उद्यापासनं मी उतरतो," कृष्णात म्हणाला. "आता भाकरी खायाला घाल, वैनी."

राग एका दिवसात गेला नाही. कधी कधी जेवता जेवता तो ताट सारून उठायचा. बनुबाई त्याला हाक मारायची नाही. मग तासाभरानं तोच यायचा आणि चहा मागायचा. एकदा त्यानं तिला लढाईतलं सांगितलं, नदी उतरून जातानाचं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती ऐकत बसली.

रजेचे आठ दिवस राहिले तेव्हा औंधच्या अलीकडच्या एका गावातून निरोप आला. मुलगी होती, माणसं ओळखीची होती, पोरगा रजेवर आहे तोवर बघून जा म्हणत होती. लालासाहेब आणि कृष्णात फटफटीवरून गेले. लालासाहेब मागं बसला होता, डोक्याला फेटा घट्ट बांधून, भावाच्या कमरेला मिठी मारून. गुंडाला हसू आवरेना. बनुबाईनं सकाळी दोघांना पाठवलं खरं, पण दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. रस्त्यावर काही वाजलं की ती अंगणात येऊन उभी राहायची.

दिवस कलायच्या आत दोघं परत आले. लालासाहेब उतरला तो पाय आखडल्यामुळं तसाच वाकून उभा राहिला.

"कशी हाय पोरगी?" बनुबाईनं विचारलं.

कृष्णात गाडी पुसायच्या निमित्तानं खाली बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"लय बोलती," लालासाहेब म्हणाला. "ह्येनं कायबी इचारायच्या आत तिनंच इचारलं, गाडी कवा घेतली म्हनून."

"मंग काय सांगितलं?"

"म्हनला, लांबलचक गोष्ट हाय, लगीन झाल्यावर सांगतो. आन पोरगी हसली," लालासाहेब म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या मागितला.